माझ्यातला आवळ्याएवढा भाग

ज्यांच्या घरात फिट येणारं माणूस आहे, आणि ज्यांना डॉक्टरांनी डोक्याच्या ऑपरेशनचं विचारलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी शिकलेली बाई नाही. बेळगावच्या वडगावात आमचे घरचे चार माग आहेत आणि त्या मागांवर मी बीम जोडते, एवढंच मला येतं. तेव्हा औषधांची नावं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. काय होतं आणि कसं वाटतं तेवढं सांगते. कसं वाटतं हे सांगायलाही मी तशी नालायकच, कारण ऑपरेशननंतर आठ महिने मला काहीच वाटत नव्हतं. पण तेही कुणीतरी सांगितलं पाहिजे. सही केली त्या कागदात ते लिहिलंही असेल. त्या दिवशी आमच्या घरच्यांचे कान दुसरीकडंच होते, ते पुढं येईल.

वास

माझी फिट म्हणजे धाडकन पडून हातपाय झाडणं, असं क्वचित. आधी वास यायचा. सुताला लावायची खळ चुलीवर विसरली की करपल्याचा वास येतो ना, तो. घरात चूल पेटलेली नसली तरी यायचा. मग पोटातून काहीतरी वर चढायचं आणि पुढची दोन मिनिटं माझ्या हिशेबी नाहीत. बघणारे सांगायचे, तू ओठ चाटत होतीस, कुणी हाक मारली तरी बघत नव्हतीस, आणि बोटं चालू होती.

बोटं चालू म्हणजे काय ते कळायला माझं काम सांगायला हवं. मागावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, संपत आली की ती पुरती संपू द्यायची नसतात. शेवटची हातभर तशीच ठेवायची आणि नव्या बीमचं, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचं, एकेक सूत त्या जुन्या एकेका सुताला पीळ देऊन जोडायचं. बोटाला चिमूटभर राख, दोन टोकं, एक पीळ, पुढचं. एका बीमला हजारो टोकं असतात. फिटमध्येसुद्धा माझी बोटं हेच करत राहायची, पण कुठलं सूत कुठल्याला, ते बघणारं कुणी घरात नसायचं. एकदा साडीच्या काठाची लाल सुतं सगळी अंगाच्या मोरपंखीत गेली. माझा थोरला भाऊ, अण्णा, माग चालवतो. तो माझ्यावर ओरडला. मी त्याच्या दुप्पट ओरडले.

मी भांडखोर बाई. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं लागणार आहे. खडेबाजारात जरीचं रीळ घ्यायला गेले आणि दुकानदारानं एक छटा इकडची तिकडची दिली, तर मी दुकानातली सगळी रिळं उन्हात आणून बघायला लावायची. गल्लीत नळाला पाणी आलं की बायका म्हणायच्या, सुमन यायच्या आत भरून घ्या गं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं.

फिटेचं आम्ही लपवलं. लपवायचं कारण लग्न. निपाणीचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा तंबाखूच्या वखारीत कारकून. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, मुलाच्या आईसमोर उभी राहिले, आणि वास आला. शुद्धीवर आले तेव्हा ट्रे तसाच हातात सरळ होता, एक पोहा सांडला नव्हता, पण खोलीत पाहुणे नव्हते. आई आत मागांच्या खोलीत जाऊन रडली. आमच्या घरात रडायचं ते माग चालू असताना. चार मागांच्या खटखटीत शेजारच्याला काय, शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही. करंट गेला की ज्याचं त्याला रडं गिळावं लागतं.

त्यानंतर बारा वर्षं अंगारे, दोरे, अमावास्या आणि एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं. दोरे मी बांधून घेतले. काम करताना मनगटात टोचायचे म्हणून संध्याकाळी कापून टाकायची. आई सकाळी नवा बांधायची.

निदानाचा दिवस

एक दिवस चालत्या मागाजवळ फिट आली आणि माझा पदर मोटरच्या पट्ट्यात गेला. अण्णानं उडी मारून बटण बंद केलं. पदर फाटला, मी राहिले. त्याच दिवशी त्यानं ठरवलं, आता मोठ्या दवाखान्यात. दवाखाना बेळगावातलाच, नाव लिहीत नाही.

तिथं डोक्याला तारा लावून मला पाच दिवस कॅमेऱ्यासमोर झोपवलं आणि फिटेची वाट बघितली. बारा वर्षं जी येऊ नये म्हणून नवस केले, तिची पाच दिवस सगळे मिळून वाट बघत होतो. आई तर चौथ्या दिवशी म्हणाली, "आज बी न्हाय आली व्हय? नको तवा येती मेली." मला लई हसू आलं होतं. तेव्हा यायचं.

डॉक्टरांनी पडद्यावर माझं डोकं दाखवलं. उजव्या कानामागं, आतल्या बाजूला, त्यांनी पेनानं गोल केला. म्हणाले, एवढा आवळ्याएवढा भाग खराब आहे, फिट तिथून सुटते. तो काढला तर थांबायची चांगली शक्यता आहे. काढल्यावर स्वभावात थोडा फरक पडू शकतो.

"काढायचं म्हंजे?" आईनं विचारलं. "डोस्क्यातलं?"

"हो आजी."

"मग त्या जागंला काय घालणार?"

डॉक्टर म्हणाले, काही नाही, तिथं पाणी भरतं. आई माझ्याकडं बघत राहिली. मी ऑपरेशनला हो म्हटलं, कारण मला त्या वासाचा कंटाळा आला होता. धीट वगैरे मी नव्हते.

कागद

आता अण्णाचं सांगते. अण्णा मनानं सोनं आहे, पण भाषेच्या बाबतीत त्याच्या नादी कुणी लागू नये. कागद मराठीतच पाहिजे. लाइटचं बिल कन्नडमध्ये येतं म्हणून तो ते खिळ्याला उलटं टोचून ठेवतो. तसं कन्नड त्याला फर्मास येतं, सुताच्या व्यापाऱ्याशी तास तास बोलतो. पण सही करायचा कागद मराठीत पाहिजे म्हणजे पाहिजे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन फॉर्म आले. एक ऑपरेशनचा, एक दुसरा. दोन्ही कन्नड आणि इंग्रजीत. दुसरा घेऊन आल्या होत्या शिल्पा मॅडम, गोकाककडच्या, माझ्याच वयाच्या. त्या तिथल्या प्रयोगशाळेत काम करतात. त्या म्हणाल्या, "मराठी फॉर्म न्हाई रीऽ, मी वाचून सांगते, निवांत ऐका." आणि खुर्ची ओढून त्यांनी खरंच वाचायला सुरुवात केली, त्यांच्या हेल काढून बोलायच्या मराठीत.

अण्णा ऐकतोय कुठं? तो तिकडं खिडकीतल्या कारकुनाशी भिडला होता. "आमी काय आज आलोय व्हय हितं? आमच्या आज्ज्या-पणज्यापास्नं ह्याच गावात हाय आमी. एक कागद मराठीत छापाय येत न्हाय तुमास्नी?" कारकून म्हणाला, माझ्या हातात काय आहे. अण्णा म्हणाला, मग कुणाच्या हातात आहे त्याला बोलवा. त्या भांडणाकडं सगळा व्हरांडा बघत होता, मी पण. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. शिल्पा मॅडम शेवटपर्यंत वाचत होत्या. शेवटी अण्णा लाल होऊन आला, म्हणाला, "द्या हिकडं, माणुसकी म्हणून करतो," आणि साक्षीदार म्हणून सही केली. मग त्यानं जिथं बोट ठेवलं तिथं मी सही केली. मॅडमनी विचारलं, कळलं ना सगळं? मी म्हटलं, हो.

मी त्या वेळी केसांचा विचार करत होते. उद्या सगळे काढणार की एका बाजूचे, एवढंच डोक्यात होतं.

कागद कुठल्याही भाषेतला असो, आधी ऐका. भांडण नंतर करा. मी स्वतः भांडखोर असून सांगते.

दवाखान्यातले दिवस

केस सगळेच काढले. वेणी कंबरेपर्यंत होती. आईनं ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली.

ऑपरेशननंतर डोळे उघडले तर आई विचारत होती, "वळखलंस का?" मी म्हटलं, आई. तिला रडू फुटलं. मी तिचं रडणं बघत होते आणि मला एवढंच कळत होतं, की ही रडायली आहे. पुढं काही होत नव्हतं. वाटलं गुंगी असेल.

मग दिवस एकाला एक लागून गेले. पहाटे ताप बघायचा, साडेसहाला चहा, नऊला डॉक्टरांचा घोळका, बोटं किती दिसतात, आज वार कोणता, नाकाला हात लावा. मी सगळं बरोबर करत होते. शेजारच्या खाटेवर कणकुंबीची एक बाई होती, तिच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. तिला उठता यायचं नाही, पण तिचा पाय माझ्या खाटेपर्यंत पोचायचा. सुई टोचायला सिस्टर आली की ती पायानं माझा पाय दाबून धरायची आणि म्हणायची, "संपलं बघ, संपलं." मला त्या आधाराची गरज नव्हती, कारण सुईचंही मला काही वाटत नव्हतं. पण तिचा पाय गरम असायचा, हे लक्षात आहे. त्या दिवसांतलं मला आठवतं ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी आईनं अण्णाला विचारलं, "काढलेलं कुठं हाय?"

आमच्या घरात एक रीत आहे. पुढच्या खोलीत हातमागाचा जुना खड्डा आहे, आज्जा त्यात पाय सोडून विणायला बसायचा. हातमाग कधीच गेला, फरशी आली, पण आईनं खड्डा बुजवू दिला नाही, वर फळी टाकलीय. घरातल्या माणसाच्या अंगावेगळं झालेलं सगळं त्या खड्ड्यात जातं. आम्हा भावंडांच्या नाळा तिथंच पुरल्यात. यंत्रमाग आल्यावर आज्जाचं एक बोट पट्ट्यात तुटलं होतं, ते हळद लावून तिथंच. तेव्हा आईचा प्रश्न साधा होता. घरचं आहे, घरी आणा.

अण्णानं दडपून सांगितलं, "जाळलं असणार गं दवाखान्यानं. असलं समदं जाळत्यात."

घरी आल्यावर आईनं फळी काढली आणि माझी वेणी हळदकुंकू लावून पुरली. तेवढ्यावर भागवलं म्हणाली.

बरं

फिट थांबली. करपल्या खळीचा वास एकदाही आला नाही, आजतागायत. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय त्यांच्यासाठी हे पहिलं वाक्य म्हणून लिहायला हवं होतं.

पण वासाबरोबर बाकीचंही गेलं. मला राग येईना, रडू येईना, भूक लागली तरी काय खावंसं वाटतंय ते कळेना. कुणी काही विचारलं की मी म्हणायची, "बरं." भाजी आणू? बरं. पाहुणे आलेत. बरं. दीड महिन्यांनी कामावर बसले, बोटं पूर्वीसारखी चालत होती, एक टोक चुकत नव्हतं. आधी काम करताना मी पुटपुटायची, सुताला शिव्या द्यायची, रंग बघून खूश व्हायची. आता नुसती जोडायची. खडेबाजारात दुकानदारानं जरीचं रीळ दिलं, मी पिशवीत टाकलं. त्यानं स्वतःहून विचारलं, "बाई, उनात बघणार न्हाय?" मी म्हटलं, नको.

डॉक्टर म्हणाले, असं काहींना होतं. काढलेल्या जागेमुळं, गोळ्यांमुळं, आणि इतक्या वर्षांची भीती एकदम उतरली त्यामुळंही. हळूहळू येईल, वेळ द्या. त्यांनी बोलायला एक ताई लावून दिल्या. मी जायची, त्या विचारतील ते सांगायची, परत यायची. तुमच्या घरात असं झालं तर त्या माणसाला 'आता तर बरी झालीस, हस की' म्हणू नका. त्याला तुमचं ऐकू येतं, पण पुढं काही होत नाही.

अण्णाला ते सोसेना. तो मुद्दाम खोड्या काढायला लागला. माझ्या राखेच्या वाटीत पाणी ओतलं. मी दुसरी राख घेतली. माझ्या ताटातली भाकरी उचलली. मी दुसरी घेतली. एक दिवस लाल सुतं मोरपंखीत गेलेली ती जुनी साडी माझ्यापुढं धरून म्हणाला, "हे बघ, हे तू वाकडं जोडलंतंस, मी लई बोललोतो तुला. चूक माझी हुती. आता बोल की काय तरी." मी म्हटलं, बरं. तो साडी तिथंच टाकून बाहेर गेला.

पेशी

आठव्या महिन्यात तपासणीला आम्ही तिघं गेलो. शिल्पा मॅडम व्हरांड्यात भेटल्या, फिटेबद्दलचे त्यांचे काही प्रश्न होते. परत एकदाही आली नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला आणि म्हणाल्या, "तुमच्या पेशी पण छान वाढल्यात रीऽ."

"कुठल्या पेशी?" अण्णानं विचारलं.

त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग त्यांनी परत सांगितलं, जे आठ महिन्यांपूर्वी वाचून दाखवलं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा थोडा तपासणीला जातो. उरलेला माणसानं परवानगी दिली तर प्रयोगशाळेत येतो. त्यातल्या पेशी सुट्या करून बशीत वाढवतात. फिटेची नवी औषधं आधी त्यांच्यावर लावून बघता येतात. माणसाच्या मेंदूच्या पेशी अशा सहज मिळत नाहीत, म्हणून तुमचे उपकार आहेत, असंही म्हणाल्या.

आई मध्येच म्हणाली, "म्हंजे जाळलं न्हाय?"

"न्हाई आजी. जिवंत आहेत."

अण्णाचा चेहरा उतरला. कागद त्याच्या सहीचा होता.

मी एकच विचारलं, "तिथं मला फिट येते का?"

मॅडम म्हणाल्या, "त्यात तुम्ही न्हाई. विचार करणाऱ्या पेशी तिथं जगत न्हाईत. ह्या त्यांना सांभाळणाऱ्या. खायला घालायचं, घाण उचलायची, तुटलं फुटलं बघायचं."

"म्हंजे बायकाच," आई म्हणाली.

मॅडम हसल्या. "व्हय आजी. पण ह्यांना स्वतःला काही कळत न्हाई, काही वाटत न्हाई."

माझ्यासारख्याच म्हणायच्या, असं माझ्या मनात आलं. वाईट वाटून नव्हे, नुसतं आलं.

आईनं तिथंच हट्ट धरला. माझ्या लेकीचं आहे, मला द्या, मी घरी नेते. ते असं बाहेर राहतंय म्हणूनच ही अशी झालीय, अर्धी इथं आणि अर्धी घरी. मॅडमनी सांगितलं, परवानगी मागं घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, पण घरी नेता येतं का ते विचारते, सोमवारी या. "फॉर्म मराठीत पायजे," अण्णा पुटपुटला, सवयीनं. त्या म्हणाल्या, तो मी स्वतः करून ठेवते.

घरी येताना रिक्षात अण्णा म्हणाला, "मी ऐकलं न्हाय गं सुमन. ती बाई वाचत हुती आणि मी त्या कारकुनासंगं भांडत बसलो. तुझ्या डोस्क्याचा कागद, आणि मी ऐकला न्हाय. शिव्या तरी दे मला."

"असू दे," मी म्हटलं.

"आसू दे म्हणू नगंस!" तो एवढ्यानं ओरडला की रिक्षावाल्यानं मागं बघितलं.

सोमवार

सोमवारी माग बंद असतात, म्हणून अण्णा मोकळा होता. आई घरीच थांबली. निघताना तिनं खड्ड्यावरची फळी काढली होती आणि हळदीची वाटी जवळ ठेवली होती. "घिऊनच या," म्हणाली.

प्रयोगशाळेत आम्हाला डोक्याला टोपी आणि चपलांवर पिशव्या घालायला लावल्या. मॅडमनी आधीच सांगून टाकलं, घरी देता येत नाही, नियम नाही. परवानगी मागं घेतली तर औषध ओतून सगळं मारून टाकतात आणि तसं पत्र देतात. दहा मिनिटांचं काम आहे. मग म्हणाल्या, "त्याआधी एकदा बघणार का?"

मी म्हटलं, बरं.

त्यांनी एका कपाटातून चपटी बशी काढली. कपाटात अंगाएवढी ऊब असते म्हणाल्या. बशीत गुलाबी पाणी होतं, बाकी काही दिसेना. ती दुर्बिणीखाली ठेवून मला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसतं धुकं. मग त्यांनी चाक फिरवलं आणि सुतं दिसली. बारीक, लांब, एकमेकांत गेलेली. मधोमध मात्र एक पट्टा मोकळा होता, सरळ.

"हे काय झालंय?" मी विचारलं.

"आम्हीच ओरखडा काढतो. त्या कशा भरून काढतात ते बघायला. काल काढलाय."

मी परत बघितलं. पट्ट्याच्या दोन्ही कडांनी टोकं बाहेर आली होती. इकडची तिकडं, तिकडची इकडं. अजून कुणी कुणाला पोचलं नव्हतं. एका ठिकाणी दोन टोकं अगदी समोरासमोर होती, मध्ये केसाएवढी जागा. माझा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागले, राख लावल्यागत.

"किती दिवसांत जोडतात?"

"उद्या-परवा."

मागं अण्णा मराठी फॉर्म मोठ्यानं वाचत होता. या खेपेला एक शब्द सोडायचा नाही असं ठरवूनच आला होता. "'सदर पेशी नष्ट करण्यात याव्यात आणि तसे लेखी कळवावे.' बरोबर हाय. समदं बरोबर हाय." त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला, पेन दिलं आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. "सुमन, हितं."

मी त्या बोटाकडं बघितलं.

"अण्णा, बोट काढ."

"आं?"

"बोट काढ म्हंते न्हवं! मागल्या खेपंला बी असंच ठिवलंतंस आणि मी गाढवागत सही ठोकली. कागद कुठल्या भाषेत हाय म्हणून तासभर भांडलास, कागदात काय हाय ते ऐकलंस? आता मराठीत मिळाला तर लगीच मारायची सही? डोस्कं कुणाचं हाय? तुझं हाय? उद्या ते जोडणार हाय म्हणत्यात आणि तू आज त्यावर औषध ओततोस? अर्ध्यात बीम कापतोस व्हय रं कधी? आणि ती टोपी सरळ कर, माकडागत दिसायलास!"

प्रयोगशाळेत कुणी हलेना. शिल्पा मॅडमनी बशीवर हात धरला होता. मला धाप लागली होती, कान गरम झाले होते. अण्णा माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"चिडलीस व्हय गं?" तो म्हणाला. "आजून बोल. थांबू नगंस."

"आजून काय बोलू, कप्पाळ?" मी म्हटलं, आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मग मॅडमना विचारलं, उद्या परत बघायला आले तर चालेल का? आठ महिन्यांत मी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

घरी

आई खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसली होती, आज्जा बसायचा तशी. आमचे रिकामे हात बघून उठायला लागली.

"आणलं न्हाय," मी म्हटलं. "द्यायचं झालं तर मारून टाकत्यात. मी नको म्हटलं. जित्तं हाय ते, आई. मी बघितलं."

मला वाटलं आता तोंड सोडणार. तिनं हळदीची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"खायाला काय देत्यात त्यास्नी?"

"गुलाबी पाणी असतंय. एक दिसाआड बदलत्यात."

"आईतवारी कोण घालतंय?"

"त्या मॅडम येत्यात. सुट्टीच्या दिवशी बी."

"म्हंजे उपाशी न्हाय," आई म्हणाली. तिनं फळी ओढली आणि खड्ड्यावर नीट बसवली. "आईतवारी त्या बाईला डबा घिऊन जा. आपलं बघत्या ती."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून आवाजच वेगळा निघाला. मी खाली बसले. मला रडू येत होतं. पोटातून, पूर्वी फिट चढायची तिथून वर येत होतं, पण वास नव्हता. ट्रे घेऊन उभी राहिले होते तेव्हाचं, पदर फाटला तेव्हाचं, वेणीचं, सगळं एकदम. आणि माग बंद होते. घर इतकं शांत होतं की गल्लीतली बाई भांडी घासायची थांबली ते मला कळलं. मी तोंडावर हात दाबला.

सोमवारी वडगावात कुणी माग लावत नाही. अण्णा उठला, आत गेला, आणि त्यानं एकामागून एक चारी माग चालू केले.